दाणे नाहीत, थोडं कूट आहे

एकादशीच्या सकाळी नौपाड्यातल्या एखाद्या पोळीभाजी केंद्रात जाऊन विचारा, "ताई, कोशिंबिरीत दाणे आहेत का?" उत्तर बहुधा असं येतं, "नाही हो, दाणे नाहीत. थोडं कूट आहे." ताई काही लपवत नसतात. कूट हा वेगळा जिन्नस आहे असं आपल्या स्वयंपाकात कुणी धरतच नाही. हात आपसूक डब्यात जातो आणि चमचाभर पडतं. खिचडीत, भगरीबरोबरच्या आमटीत, भरल्या वांग्यांत, अनेक ठिकाणी वडापावच्या सुक्या लाल चटणीतही. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाची खरी पंचाईत होते ती उपवासाच्या दिवशीच.

"एवढ्याशाने काय होतंय?" असं विचारणाऱ्यांच्या मनात बहुतेक वेळा दूध न पचणारा कुणीतरी नातेवाईक असतो. त्याच्या आतड्यात दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज हे विकर कमी असतं, म्हणून पेलाभर दुधाने पोट बिघडतं आणि चहापुरतं दूध चालून जातं. अ‍ॅलर्जीचं गणित निराळं. इथे प्रतिकारयंत्रणा अन्नातल्या एखाद्या प्रथिनाला शत्रू ठरवते आणि त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करून ठेवते. ती प्रतिकारयंत्रणेतल्याच मास्ट नावाच्या पेशींवर चिकटून बसतात. पुन्हा तेच प्रथिन आलं, की या पेशी हिस्टामिन आणि इतर रसायनं एकदम सोडतात. अंगावर पित्त उठतं, ओठ सुजतात, उलट्या होतात. प्रकरण वाढलं तर घसा आवळतो आणि रक्तदाब कोसळतो. काही जणांना त्यासाठी कुटाचा कणही पुरतो.

या टोकाच्या अवस्थेला अ‍ॅनाफिलॅक्सिस हे नाव शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए यांनी १९०२ मध्ये दिलं. सी अ‍ॅनिमोन या समुद्री जिवाचं विष ते कुत्र्यांना टोचून पाहत होते. पहिल्या मात्रेतून सावरलेला कुत्रा काही आठवड्यांनी त्याहून कमी मात्रेने काही मिनिटांत मेला. विषाची सवय व्हायला हवी होती, झालं उलटंच. याच कामासाठी रिशेंना १९१३ चं नोबेल मिळालं.

आता स्वयंपाकघराकडे वळू, कारण घोळ तिथे आहे. स्वच्छतेची आपली कल्पना जंतूंवर बेतलेली आहे. उकळलं की मरतं, सॅनिटायझर लावला की मरतं. प्रथिन मुळात जिवंत नसतं, मग मरणार काय? शेंगदाण्यातली अ‍ॅलर्जी आणणारी मुख्य प्रथिनं उष्णतेला दाद देत नाहीत. दाणे खरपूस भाजले की काहींची ताकद वाढते असंही प्रयोगांत दिसलं आहे. कोळंबीतलं ट्रोपोमायोसिन हे प्रथिनही तसंच चिवट. ज्या कढईत कोळंबी कोळीवाडा तळली, त्याच तेलात पुढे बटाटाभजी सोडली तर ती कोळंबीची अ‍ॅलर्जी असलेल्यासाठी शाकाहारी राहिली नाही. तेल कितीही कडकडीत असो.

हातांचंही तेच. सॅनिटायझरने जंतू मरतात, पण शेंगदाण्याचं प्रथिन हातावर राहतं. साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुतलं तर ते निघून जातं. मिक्सरचं भांडं उघडून बघा. पात्याखालच्या रबरी रिंगेत कालच्या कुटाचा पांढुरका थर बसलेला असतो. वरून विसळलेल्या त्या भांड्यात आज हिरवी चटणी फिरते, आणि "दाणे न घातलेली" म्हणून डब्यात जाते. माझ्या मते अ‍ॅलर्जीवाल्यांचे डबे घेणाऱ्याने पहिला खर्च वेगळ्या मिक्सरच्या भांड्यावर करावा.

गव्हाची अ‍ॅलर्जी असेल तर माग गिरणीपर्यंत काढावा लागतो. गव्हाच्या घाणानंतर त्याच जात्यात ज्वारी टाकली, की पहिले काही किलो मिसळीचेच. घरी आणलेल्या शुद्ध ज्वारीची भाकरी अशी वाटेत बाटते. सोबतच्या पिठल्यात फोडणीला हिंग, आणि डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतंच. डबीवर बारीक अक्षरांत ते छापलेलंही असतं.

आपल्याकडे २०२० च्या लेबल नियमांनुसार पाकिटबंद पदार्थांवर ग्लूटेन असलेली धान्यं, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी जीव, अंडी, मासे, शेंगदाणे, सोयाबीन, दूध, काजू-बदामासारखा सुका मेवा आणि पदार्थ टिकवायला घालतात ते सल्फाइट यांचा उल्लेख सक्तीचा आहे. तीळ या यादीत नाही. अमेरिकेत तो १ जानेवारी २०२३ पासून आला, युरोपात त्याआधीपासून आहे. संक्रांत साजरी करणाऱ्यांच्या देशात तो नसावा, हे मला खटकतं.

केटरिंगवाल्यांना हे सगळं डोईजड वाटायचं कारण नाही. ठाण्यात, वाशीत, नेरुळमध्ये जैन ऑर्डर रोज निघतात, त्यांची भांडी, झारे, शेगडी वेगळी राहतात आणि कुणी कुरकुरत नाही. तीच शिस्त इथे लावायची. अ‍ॅलर्जीचा डबा सकाळी सर्वांत आधी करायचा, झाकण लावून नाव चिकटवायचं आणि वाढपाचा चमचा अदलाबदल होऊ द्यायचा नाही. फरसाण आणि तयार मसाला बाहेरून येत असेल तर ग्राहकाला तसं सांगायचं.

ग्राहकानेही निदान पक्कं करून घ्यावं. कर्नाटकातल्या प्रौढांच्या एका पाहणीत रक्तचाचणीत २६.५ टक्क्यांना कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध आयजीई सापडलं, पण अ‍ॅलर्जीची शक्यता खरोखर दिसली ती १.२ टक्क्यांत. नुसता रिपोर्ट पाहून पोराचं दूध, अंडी, डाळ सगळं तोडणं म्हणजे त्याची उपासमार करणं.

आणि घात झालाच तर? पित्त उठलं की आमसुलाचं पाणी लावायची आपली रीत. श्वास लागला असेल तर त्यात वेळ दवडू नये. खाज थांबवणारी गोळी रक्तदाब सावरत नाही. औषध एकच, अ‍ॅड्रेनालिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. डॉक्टरांनी ते लिहून देऊन टोचायला शिकवलं असेल तर ताबडतोब टोचावं आणि १०८ ला फोन करावा. माणसाला आडवं करून पाय उंच ठेवावेत. धाप लागली असेल तर बसू द्यावं, पण रिक्षा गाठायला चालवत नेऊ नये. बरं वाटलं तरी रुग्णालयात काही तास थांबावं लागतं, कारण पहिला झटका ओसरल्यावर काही तासांनी दुसरा येऊ शकतो.