कॅफीन त्वचेवर आलं कुठून?

डोळ्यांखाली लावायचं जेल, मांड्यांवर चोळायचं क्रीम, केसगळतीवरचा शाम्पू. तिन्हींच्या वेष्टनावर आज कॅफीनचं नाव ठळक छापलेलं दिसतं. पण या तिन्ही दाव्यांची मुळं वेगवेगळ्या ठिकाणी आहेत.

कॅफीन वेगळं काढलं ते जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडलीब रुंगे यांनी, १८१९ साली. कॉफीच्या बिया त्यांना खुद्द कवी गटे यांनी तपासायला दिल्या होत्या. त्यानंतर दीडशेच्या आसपास वर्षं कॅफीन म्हटलं की पेय आणि औषध एवढंच डोळ्यांसमोर यायचं.

त्वचेकडची वाट उघडली ती चरबीच्या पेशींवरच्या संशोधनातून. शरीराकडून ऊर्जेची मागणी आली की या पेशींत सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या रेणू वाढतो आणि साठवलेली चरबी फुटू लागते. काम झालं की एक विकर (एन्झाइम) हा रेणू नष्ट करतं. कॅफीन आणि त्याची भावंडं नेमकी या विकराच्या आड येतात, असं बुचर आणि सदरलंड यांनी १९६२मध्ये दाखवलं. सायक्लिक एएमपी शोधणाऱ्या सदरलंड यांना पुढे १९७१चं नोबेल मिळालं. मात्र या परिणामाला कॅफीन भरपूर लागतं, कॉफी पिऊन रक्तात उतरतं त्याच्या कितीतरी पट. मग ते थेट हव्या त्या जागीच लावलं तर?

या प्रश्नाला गिऱ्हाईक तयारच होतं. 'सेल्युलाईट' हा मूळचा फ्रेंच शब्द १९६८मध्ये 'व्होग' मासिकाने अमेरिकी वाचकांपर्यंत नेला आणि मांडीवरचे साधे खळगे जणू दोष ठरले. १९७८मध्ये न्यूर्नबर्गर आणि म्युलर यांनी त्वचेखालची रचना तपासून, हा आजार नव्हेच, असं सांगितलं. खळगे पडतात ते त्वचेला खाली बांधून ठेवणाऱ्या तंतूंमधून चरबी वर डोकावते म्हणून. पेशीतली थोडी चरबी फुटली तरी तंतू जागच्या जागीच राहतात. ही गोष्ट जाहिरातींनी कधीच नीट सांगितली नाही, याचा मला खरोखर राग येतो. पुढे तर कपड्यांतही कॅफीन भरलं गेलं. अशा अंतर्वस्त्रांनी शरीर सडपातळ होतं, असे दावे केल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१४मध्ये दोन कंपन्यांवर कारवाई केली.

डोळ्यांच्या जेलचं तर्कशास्त्र निराळं. कॅफीन रक्तवाहिन्या आकसवतं, म्हणून सूज उतरावी. २०११मध्ये थायलंडच्या संशोधकांनी कॅफीनचं जेल आणि कॅफीन नसलेलं तेच जेल यांची तुलना केली. एकंदर फरक ठळक नव्हता. पाणीदार जेल बोटाने टिपून लावलं की ते वाळता वाळता त्वचा गार पडते. बराचसा आराम त्या गारव्याचा असावा, असा त्यांचा निष्कर्ष होता.

केसांचा दावा सर्वांत अलीकडचा. २००७मध्ये जर्मनीत, टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाने मंदावलेली केसांच्या मुळांची वाढ कॅफीनने सावरते, असं दिसलं. पण ही मुळं डोक्यावर नव्हती, काढून द्रवात ठेवलेली होती. शाम्पू तर मिनिटा-दोन मिनिटांत धुतला जातो. २०१८मध्ये ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने अशा एका शाम्पूचा केसगळती कमी करण्याचा दावा पुराव्याअभावी अमान्य केला.

कॅफीन त्वचेतून आत जातं की नाही, ही शंका मात्र जुनी झाली. ते इतकं खात्रीने आत जातं की २००४मध्ये आलेल्या ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या त्वचाशोषण चाचणीच्या नियमांत ते तुलनेसाठीचा संदर्भ-पदार्थ म्हणून सुचवलेलं आहे. अतिनील किरणांनी नुकसान झालेल्या पेशी मारून टाकायला कॅफीन मदत करतं, हे अमेरिकेतल्या रट्गर्स विद्यापीठात ॲलन कॉनी यांच्या गटाने उंदरांच्या त्वचेवर दाखवलं. मला या सगळ्यात सर्वांत आशादायक धागा हाच वाटतो, आणि वेष्टनांवर तोच सर्वांत कमी दिसतो.