शंभरातून सात: स्मृतीच्या चाचणीमागचा इतिहास

स्मृतिभ्रंश तपासण्याच्या चाचणीत गोव्यातल्या पेडण्याच्या एखाद्या आजीला तारीख विचारली तर ती गोंधळते. पण आज तिथी कोणती, देवळातल्या जत्रेला किती दिवस राहिले, हे ती बिनचूक सांगते. चाचणीच्या कागदावर मात्र तिचा गुण गेलेला असतो. बांबोळीच्या सरकारी इस्पितळातून वडीलधाऱ्यांना तपासून आणल्यावर ‘आई परीक्षेत नापास झाली’ असे कुणी म्हणाले की मला वाईट वाटते, कारण ही परीक्षा मुळात कोणासाठी लिहिली गेली होती ते त्यांना कोणी सांगितलेले नसते.

मेंदूची इजा आणि माणसाची क्षमता यांचा संबंध इस्पितळात जुळला. १८६१ मध्ये पॅरिसला डॉक्टर पॉल ब्रोका यांनी ‘टॅन’ एवढाच शब्द बोलू शकणाऱ्या रुग्णाचा मेंदू मृत्यूनंतर तपासला, तेव्हा डाव्या बाजूला पुढच्या भागात बिघाड सापडला. गुण देऊन मोजण्याची रीत मात्र शाळेतून आली. पॅरिसमध्येच १९०५ साली आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी अभ्यासात मागे पडणारी मुले ओळखण्यासाठी प्रश्नसंच बनवला. १९३० च्या दशकात व्ही. व्ही. कामत यांनी तो कन्नड आणि मराठी मुलांसाठी बसवला. प्रौढांसाठी मानसशास्त्रज्ञ वेक्सलर यांची बुद्धिमत्ता चाचणी १९३९ ची. शाळेची सावली या साऱ्या प्रश्नांवर जन्मापासून आहे.

ती सावली किती लांब पडते हे सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांना १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानात दिसले. हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका यांतली वेगळी वस्तू काढा म्हटले तर अपेक्षित उत्तर ओंडका, कारण बाकीची तिन्ही हत्यारे; पण निरक्षर शेतकरी एकही काढेनात. ओंडका नसेल तर करवत चालवायची कशावर? आपल्याकडच्या बाईपुढे विळी, कोयता, सुरी आणि नारळ ठेवले तर तीही बहुधा नारळ बाजूला काढणार नाही, आणि त्यात तिची बुद्धी कमी आहे असे मला वाटत नाही.

आज जगभर वापरली जाणारी तीस गुणांची छोटी चाचणी फोल्स्टीन दांपत्य आणि मॅकह्यू यांनी १९७५ मध्ये दिली. शंभरातून सात सात वजा करा, एक वाक्य लिहा, एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढा, असे तिचे प्रश्न. लेखणी न धरलेल्या हातांसाठी हे अवघडच. हरियाणातल्या बल्लभगडला निरक्षर वृद्धांसाठी तिचे हिंदी रूप १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात शंभरातून सातऐवजी वीसमधून तीन वजा करायचे आणि वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराबद्दल काही सांगायचे. मला हा बदल फार मोलाचा वाटतो.

गोव्यात गुंता आणखी वाढतो. आज ऐंशी ओलांडलेल्यांचे शाळेचे वय १९६१ च्या मुक्तीआधीच गेले. कोणी पोर्तुगीजमध्ये लिसेव (माध्यमिक शाळा) केले, कोणी शेणैमामांकडे, म्हणजे गावच्या पंतोजींकडे, मराठी अक्षरे गिरवली, कितीतरी बायकांनी पाटीच पाहिली नाही. घरात कोकणी, पोथी मराठीत, शेजारच्या ख्रिस्ती घरात रोमी लिपी. ‘हे वाचा आणि तसे करा’ म्हणताना कोणत्या लिपीत लिहायचे, हाच पहिला प्रश्न.

मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गोव्यातल्या अभ्यासात दिसले की स्मृतिभ्रंशाची लक्षणे लोक आजार न मानता म्हातारपण समजतात. त्याच सुमारास ‘१०/६६’ हा संशोधकांचा गट शिक्षणाचा परिणाम कमी करणारे निदान तयार करत होता. नावाचा अर्थ असा: स्मृतिभ्रंशाचे ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत, तिथले संशोधन १० टक्क्यांहूनही कमी. या पद्धतीत घरच्या माणसालाही विचारतात: पूर्वी जमायचे ते आता काय जमत नाही? आमटीत मीठ दोनदा पडते का, ओळखीच्या वाटेवर पाय अडखळतो का, हे सून किंवा लेकच सांगू शकते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा स्मृती आणि आकलन तपासणारा चाचणीसंच पहिल्या टप्प्यात हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मलयाळम या पाच भाषांत तयार झाला. त्यात मराठी नव्हती, कोकणीही नव्हती. म्हणून आजीला तपासायला नेताना ती किती इयत्ता शिकली, कोणती लिपी वाचते आणि घरी काय बोलते, हे आधीच सांगा. चाचणीचे गुण वाचताना तज्ज्ञाला ते लागते.