स्कूबा डायव्हिंगसाठी शारीरिक क्षमता

टाकीतील दाबयुक्त हवा श्वासात घेऊन पाण्याखाली सुरक्षितपणे वावरण्यासाठी लागणारी हृदय, फुप्फुसे, स्नायू व कान यांची तयारी. झाक कूस्तो व एमील गान्यां यांनी १९४३ मध्ये फ्रान्समध्ये मागणीनुसार हवा पुरवणारे श्वसनयंत्र सिद्ध केले, आणि त्यानंतर हा प्रकार हौशी लोकांच्या आवाक्यात आला. मराठवाड्याला समुद्रकिनारा नाही. येथील हौशी मंडळी प्रायः मालवण-तारकर्लीला जाऊन बुडी घेतात. पोहण्याचा सराव मात्र गावच्या विहिरीत किंवा शहरातील तरणतलावात झालेला असतो.

समुद्रात दर १० मी. खोलीमागे दाब सुमारे एक वातावरणाने (समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबाइतका) वाढतो. ३० मी. खोलीवर श्वासातील हवा पृष्ठभागापेक्षा चौपट दाट होते, त्यामुळे नुसता श्वास घेणे हेही श्रमाचे काम ठरते. शरीर पाण्यात बुडताच पायांतील रक्ताचा काही भाग छातीकडे सरकतो, हृदयावरील भार वाढतो व लघवीचे प्रमाणही वाढते. डायव्हिंगमधील मृत्यूंच्या विश्लेषणांत हृदयविकाराचा वाटा साधारण एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश आढळतो. म्हणून दंडाच्या ताकदीपेक्षा दमाला अधिक महत्त्व दिले जाते.

हा दम किती असावा, याविषयी मतभेद आहेत. मोजमाप ‘मेट’ या एककात होते. स्वस्थ बसलेल्या माणसाचा ऑक्सिजन-वापर, म्हणजे दर किलो वजनामागे मिनिटाला सुमारे ३.५ मिलि., हा एक मेट होय. काही वैद्यांनी १३ मेटपर्यंतच्या ताणचाचणीचा आग्रह धरला, तर काहींनी १० मेट पुरेसे मानले. शांत पाण्यातील सहज बुडीला ६ ते ७ मेटहून अधिक श्रम सहसा पडत नाहीत. तेवढे श्रम सलग पेलता यावेत आणि प्रवाहाशी झुंजण्यासाठी वर काही शिल्लक राहावी, ही भूमिका अधिक व्यवहार्य वाटते.

व्यायाम बुडीच्या किती आधी करावा, हा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. खोलीवर शरीरात विरघळलेला नायट्रोजन वर येताना बुडबुड्यांच्या रूपाने सुटतो व त्यातून विसंपीडन-विकार (भोवतालचा दाब घटल्याने होणारा बुडबुड्यांचा आजार) संभवतो. जोरदार हालचालीने बुडबुडे वाढतात, या समजुतीने बुडीच्या आगेमागे व्यायाम टाळण्याची शिफारस दीर्घकाळ केली जात असे. २००१ च्या सुमारास नॉर्वेतील विस्लॉफ व ब्रुबाक यांच्या उंदरांवरील प्रयोगांनी त्याला छेद दिला; व्यायाम केलेल्या उंदरांत बुडबुडे कमी आढळले. २००४ मध्ये संशोधक दुयिच व सहकाऱ्यांना बुडीच्या २४ तास आधी व्यायाम केलेल्या माणसांतही तसाच परिणाम दिसला. याचे श्रेय काही जण रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील नायट्रिक ऑक्साइडला देतात, काही जण अन्य यंत्रणांना. बुडी संपल्यावरच्या व्यायामाबद्दल निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. तूर्त आदल्या दिवशी मध्यम व्यायाम आणि बुडीनंतर विश्रांती, हा मार्ग सावध व ग्राह्य दिसतो.

मराठवाड्यात पाठीला वाळलेला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून विहिरीत पोहणे शिकण्याची जुनी रीत आहे. कठड्यावरून सूर मारणे, एका दमात तळ गाठून गाळाची मूठ वर आणणे, यांतून पाण्याची भीती जाते. कानावरचा दाब ओळखू येतो. ही शिदोरी मोलाची आहे. परंतु दम धरण्याची हीच सवय स्कूबात घातक ठरते. टाकीतील हवा फुप्फुसात भरून श्वास रोखून वर आल्यास ती हवा प्रसरण पावते व फुप्फुस फाटू शकते; त्यासाठी एक-दीड मीटरचा चढही पुरतो. विहिरीवर तयार झालेल्या पोहणाऱ्याने संथ, अखंड श्वासोच्छ्वास स्वतंत्रपणे घोटून घ्यावा लागतो. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही यातून सूट देऊ नये. अनेक प्रशिक्षणसंस्था प्राथमिक अभ्यासक्रमासाठी २०० मी. सलग पोहणे व १० मिनिटे तरंगणे अपेक्षितात. विहिरीचा घेर लहान असल्याने सलग अंतराचा सराव तलावातच साधतो.

उंचीचा मुद्दा येथे विशेष लागू पडतो. मनोरंजनपर डायव्हिंगच्या बहुतेक कोष्टकांत (किती खोलीवर किती वेळ थांबावे हे सांगणाऱ्या तक्त्यांत) ३०० मी. पेक्षा उंच जलाशय ‘उंचीवरील’ गणले जातात. पैठणच्या नाथसागराची पूर्ण संचय पातळी १,५२२ फूट, म्हणजे सुमारे ४६४ मी. आहे, तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा पाच टक्क्यांहून थोडा अधिक कमी भरतो. शोधकार्यासाठी तेथे उतरणाऱ्यांनी समुद्राची कोष्टके जशीच्या तशी वापरू नयेत. परतीच्या प्रवासातही हेच भान लागते, कारण उंचीवर हवेचा दाब घटून शरीरातील नायट्रोजनचे बुडबुडे सुटू शकतात. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंग-सुरक्षा संस्थेच्या शिफारशीनुसार, विमानातील हवेचा दाब ६०० ते २,४०० मी. उंचीवरील दाबाइतका असेल अशा हवाई प्रवासापूर्वी एका बुडीनंतर किमान १२ तास व एका दिवसातील अनेक किंवा अनेक दिवसांच्या बुड्यांनंतर किमान १८ तास थांबावे. आंबोली घाटमाथा सुमारे ६९० मी., तर धाराशिव सुमारे ६५० मी. उंचीवर आहे. शेवटच्या बुडीनंतर संध्याकाळीच गाडी काढून घाट चढणाऱ्यालाही हा नियम लावणे योग्य.

उन्हाळ्यात पाऱ्याने चाळिशी ओलांडली की धावण्या-पोहण्याचा सराव पहाटे करणे व भरपूर पाणी पिणे इष्ट. गुटख्याच्या सवयीने तोंड पुरेसे उघडेनासे होते; अशा व्यक्तीला श्वसनयंत्राचा मुखखंड दातांत धरणे कठीण जाते. सर्दी असताना बुडी टाळावी. दमा, अपस्मार, हृदयविकार किंवा कानाच्या पडद्याचे छिद्र असल्यास, तसेच वयाच्या ४५ नंतर धूम्रपान वा उच्च रक्तदाब असल्यास, डायव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरांकडून तपासणी करून लेखी संमती घेतात.