सक्तीचा परवाना (औषधांची पेटंटे)

पेटंटधारकाच्या संमतीवाचून दुसऱ्या उत्पादकाला तीच वस्तू बनवण्याची किंवा आणण्याची सरकारने दिलेली परवानगी म्हणजे सक्तीचा परवाना. त्याने पेटंट रद्द होत नाही. मालकी धारकाकडेच राहते, त्याला रॉयल्टी मिळते. फक्त इतरांना अडवण्याचा त्याचा हक्क तेवढ्यापुरता संपतो. औषधाची किंमत, व्यापाराचे नियम आणि सार्वजनिक आरोग्य हे तिन्ही प्रश्न इथे एकाच अर्जात येतात.

आंतरराष्ट्रीय चौकट जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स या बौद्धिक संपदा कराराच्या कलम ३१ मध्ये आहे. प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र विचार, धारकाशी आधी वाटाघाटी, पुरेसा मोबदला आणि प्रामुख्याने देशी बाजारासाठी उत्पादन या तिच्यातल्या मुख्य अटी. आणीबाणी असेल तरच परवाना देता येतो, हा समज चुकीचा आहे. आणीबाणीत किंवा सरकारी बिगरव्यापारी वापरासाठी वाटाघाटींची अट फक्त माफ होते. परवाना कोणत्या कारणांसाठी द्यायचा हे ठरवायला प्रत्येक देश मोकळा आहे, असे याच संघटनेच्या १४ नोव्हेंबर २००१ च्या दोहा जाहीरनाम्याने स्पष्ट केले.

भारतात १९७० च्या पेटंट कायद्याने औषधांवर उत्पादन-पेटंट (बनवण्याच्या पद्धतीवर नव्हे, खुद्द औषधावरच पेटंट) देणे थांबवले होते. १ जानेवारी २००५ पासून ते पुन्हा सुरू झाले, आणि तेव्हापासून सक्तीच्या परवान्याच्या कलम ८४ ला खरे महत्त्व आले. पेटंट मिळून तीन वर्षे झाल्यावर कोणीही हितसंबंधी व्यक्ती अर्ज करू शकते. कारणे तीन: जनतेची वाजवी गरज भागत नाही, किंमत वाजवी व परवडणारी नाही, किंवा पेटंटचा भारतात वापर होत नाही. यातले एकही सिद्ध झाले तरी पुरते. अर्जावर निर्णय देणाऱ्या पेटंट नियंत्रकाला प्रथमदर्शनी तथ्य दिसले की अर्जाची प्रत धारकाला जाते, पेटंट जर्नलमध्ये प्रसिद्धी होते, धारक विरोध नोंदवतो आणि मग सुनावणी होते.

या कलमाखाली दिलेला एकमेव परवाना सोराफेनिब या यकृत व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील औषधाचा. बायर या जर्मन कंपनीला त्याचे पेटंट मार्च २००८ मध्ये मिळाले. नॅटको या भारतीय कंपनीने डिसेंबर २०१० मध्ये स्वेच्छा परवाना मागितला, तो न मिळाल्याने जुलै २०११ मध्ये अर्ज केला आणि ९ मार्च २०१२ रोजी आदेश निघाला. दिवसाला चार गोळ्या या हिशेबाने महिन्याला १२० गोळ्या लागत. बायरची किंमत होती २,८०,४२८ रुपये, नॅटकोने देऊ केलेली ८,८०० रुपये. औषध पात्र रुग्णांपैकी जेमतेम दोन टक्क्यांपर्यंत पोचत असल्याचा निष्कर्ष नियंत्रकांनी काढला. त्यासाठी कामी आली ती धारकाने स्वतःच पेटंट कार्यालयात भरलेली वापराची विवरणे. २००८ मध्ये आयातच झाली नव्हती. सिप्ला ही दुसरी भारतीय कंपनी हेच औषध स्वस्तात विकत होती, तोही पुरवठा धरावा, हा बायरचा युक्तिवाद टिकला नाही, कारण त्याच कंपनीविरुद्ध बायरने पेटंटभंगाचा दावा लावला होता. रॉयल्टी निव्वळ विक्रीच्या ६ टक्के ठरली, अपिलात ७ टक्के झाली. वर्षाला ६०० गरजू रुग्णांना मोफत औषध देण्याची अटही होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१४ मध्ये आदेश कायम ठेवला आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबरमध्ये हस्तक्षेप नाकारला.

पुढचे अर्ज फसले ते तयारीअभावी. डॅसॅटिनिब या रक्ताच्या कर्करोगावरील औषधाच्या प्रकरणात धारकाने उलट प्रश्न विचारले आणि अर्जदार कंपनी वर्षभर गप्प बसून थेट अर्ज घेऊन गेली. वाटाघाटींचा प्रामाणिक प्रयत्न दिसत नाही म्हणून २०१३ मध्ये अर्ज पहिल्याच पायरीवर फेटाळला गेला. सॅक्साग्लिप्टिनसाठीचा अर्ज २०१६ मध्ये पडला: मधुमेहावर त्याच गटातली दुसरी औषधे बाजारात होती, आणि नेमक्या याच औषधाची किती रुग्णांना गरज आहे याचा आकडा अर्जदाराकडे नव्हता. साधारण सहा महिन्यांचा पत्रव्यवहार, रुग्णसंख्येचा पुरावा आणि उत्पादनाची क्षमता यांपैकी एक जरी कच्चे राहिले तरी अर्ज लंगडा पडतो.

संशोधकांना या साधनाचा परिणाम मोजणे अवघड जाते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाला १९९५ ते २०११ या काळात १७ देशांत अवघी २४ प्रकरणे सापडली. २०१८ च्या दुसऱ्या अभ्यासाने २००१ ते २०१६ मधली १०० मोजली, कारण त्याने सरकारी बिगरव्यापारी वापरही जमेस धरला. आणि नुसत्या धमकीने किंमत उतरली तर परवान्याची नोंदच होत नाही. मे २०२१ मध्ये नॅटकोने कोविडसाठी बॅरिसिटिनिबचा अर्ज केला, धारकाने लगेच स्वेच्छा परवाना दिला आणि अर्ज मागे घेतला गेला. दिलेल्या परवान्यांची संख्या कमी म्हणून साधन निरुपयोगी, हा निष्कर्ष म्हणूनच टिकत नाही.

निर्यातीची वाट मात्र खरोखरच खडतर आहे. कारखाने नसलेल्या देशाला परवाना देऊन उपयोग काय, यावर जागतिक व्यापार संघटनेच्या ३० ऑगस्ट २००३ च्या निर्णयाने तोड काढली. २३ जानेवारी २०१७ पासून ती ट्रिप्स करारातच आली. भारतीय कायद्यात त्यासाठी कलम ९२अ आहे. प्रत्यक्षात रवांडाने जुलै २००७ मध्ये सूचना दिली आणि कॅनडातून एचआयव्हीच्या औषधाचा दुसरा हप्ता सप्टेंबर २००९ मध्ये निघाला. दर देशासाठी, ठरावीक प्रमाणासाठी वेगळा परवाना, वेगळे वेष्टण, आधी वाटाघाटी: एवढ्या कटकटीनंतर पुन्हा त्या वाटेने कोणी औषध पाठवलेले नाही.

परवान्यासोबत तंत्रज्ञान मिळत नाही, हीही मोठी अडचण. ब्राझीलने मे २००७ मध्ये एफाविरेन्झ या एचआयव्हीवरील औषधाचा परवाना दिला, पण देशी गोळी २००९ मध्ये आली; मधल्या काळात भारतातून जेनेरिक आणावे लागले. जिवंत पेशींतून बनणाऱ्या जैविक औषधांत पेशीवंश (त्या पेशींचा मूळ साठा) आणि प्रक्रियेची गुपिते धारकाकडेच असतात, त्यामुळे परवाना हातात असूनही चाचण्यांसह सगळे पहिल्यापासून उभारावे लागते. जिथे मुक्त व्यापार करारांतून चाचण्यांच्या माहितीवर स्वतंत्र मक्तेदारी आली आहे, तिथे तर परवाना मिळूनही औषध नियामकाकडे नोंदणी अडकते.