जुनी रिळं, कॅसेट अभिलेखागारात देताय? ‘फॉरमॅट’चा रकाना आधी वाचा

नाव, पत्ता, नगांची संख्या हे कुणीही भरेल. अर्ज परत येतात ते बहुतेक ‘फॉरमॅट’च्या (म्हणजे फिल्मची रुंदी किंवा कॅसेटचा प्रकार) रकान्यामुळे, कारण लोक डब्यावरचं लेबल उतरवून काढतात. डबे अदलाबदल झालेले असतात हो! रीळ बाहेर काढा, पट्टीने रुंदी मोजा.

३५ आणि १६ मिमी लगेच कळतात. घोळ होतो ८ मिमीत. साधी ८ आणि १९६५ची सुपर ८ रुंदीला सारख्याच. म्हणून कडेची छिद्रं बघा. सुपर ८ची बारीक, चौकटीच्या (एका चित्राच्या) मध्यासमोर. साध्या ८ची मोठी, दोन चौकटींच्या सीमेवर.

३५ मिमी फिल्म १९५०च्या आसपासची किंवा त्याआधीची असेल तर ती नायट्रेट, म्हणजे झटकन पेट घेणारी जुन्या प्रकारची फिल्म असू शकते. ती पेटली की पाण्यानेही विझत नाही. म्हणून पोस्टाने पाठवू नका, आधी कळवा, आणि तुकडा जाळून बघण्याचा उद्योग तर मुळीच नको. कडेला ‘सेफ्टी’ (म्हणजे सहज न पेटणारी फिल्म) लिहिलंय म्हणून निश्चिंत होऊ नका. प्रत काढताना मूळ फिल्मवरची अक्षरंही कधीकधी उतरतात.

‘वर्ष’ या रकान्यात तर निम्मे लोक फसतात. कोडॅक फिल्मच्या कडेला गोल, चौकोन, त्रिकोण अशा खुणा असतात. त्या कच्ची फिल्म कधी बनली ते सांगतात, चित्रीकरणाचं वर्ष नाही. शिवाय तीच खूण वीस वर्षांनी पुन्हा येते. तेव्हा ‘१९४७ किंवा १९६७’ असं लिहा. अंदाजाचा एकच आकडा नको.

व्हिडिओत बीटामॅक्स आणि छोटी बीटाकॅम यांची कॅसेट आकाराने सारखीच, पण रेकॉर्डिंग अगदी वेगळं. हाय८च्या कॅसेटवर डिजिटल८चं रेकॉर्डिंगही असू शकतं. कॅसेटवर छापलेलं नाव लिहा आणि पुढे ‘रेकॉर्डिंग तपासलेलं नाही’ अशी नोंद करा. ही नोंद कमीपणाची नाही, उलट यादी करणाऱ्याचे कष्ट वाचतात.

आता कुणाकडेच नसलेला कागद: हक्कपत्र. रीळ तुमच्या कपाटात आहे म्हणून चित्रीकरणाचे हक्क तुमचे होत नाहीत. तरी अर्जात बिनधास्त ‘मालक’ लिहिलं जातं आणि मग पत्रव्यवहार सुरू होतो. ‘ताबा माझा, हक्कांची माहिती नाही’ असं सरळ लिहा. हे अर्ज छापणाऱ्यांनीच तेवढा पर्याय द्यायला काय हरकत आहे, कोण जाणे.

डबा उघडताच व्हिनेगरसारखा वास आला तर फिल्म खराब होऊन आकसू लागली आहे असं समजा. तेही नोंदवा, आणि ते रीळ बाकीच्यांपासून लांब ठेवा. ‘चालतंय का बघू’ म्हणून प्रोजेक्टरवर मात्र चढवू नका. आकसलेल्या फिल्मची छिद्रं तिथेच फाटतात.