मेंदूनं ठेका धरला म्हणजे भाषा कळली असं नाही

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच मजकूर पुन्हा पुन्हा फिरत येतो: बोलणं ऐकताना मेंदूच्या लहरी बोलण्याच्या लयीशी जुळतात, म्हणजे या लहरी हीच भाषा. खाली ‘थीटा लहरीं’च्या ऑडिओची जाहिरात. मी नेरुळ आणि ठाण्यात उशिरा बोलणाऱ्या मुलांबरोबर स्पीच थेरपीचं काम करते, आणि या गोंधळापायी पालकांचा पैसा आणि मुलांचा मोलाचा वेळ वाया जाताना बघते. आवाजाची लय पकडणं वेगळं आणि भाषा समजणं वेगळं.

लयीबद्दल फार सांगायला नको. आपल्या बोलण्याचा आवाज सेकंदाला साधारण चार-पाच वेळा चढतो-उतरतो, जवळपास अक्षरागणिक. मेंदूच्या श्रवणकेंद्रातली विद्युत हालचालही त्याच ठेक्यानं चढते-उतरते. सेकंदाला 4 ते 8 आवर्तनांच्या पट्ट्याला थीटा म्हणतात. ते फक्त वेगाचं नाव आहे. डुलकी लागतानाही थीटा दिसतो, म्हणून डुलकीचा आणि भाषेचा संबंध जोडायचा नसतो. अल्फा, डेल्टा, गॅमा या इतर वेगांच्या पट्ट्यांचंही तसंच.

खरी गफलत पुढे होते. आमच्या सोसायटीतल्या मल्याळी काकू लिफ्टमध्ये फोनवर बोलतात तेव्हा मला एक शब्द कळत नाही. तरीही माझा मेंदू त्यांच्या बोलण्याचा ठेका धरतोच. न कळणाऱ्या भाषेचाही ठेका धरला जात असेल, तर तो भाषा समजल्याचा पुरावा कसा होईल?

मग समज दिसते कुठे? नाय डिंग, डेव्हिड पोपेल आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे फार सुंदर आहे. मराठीत मांडून बघू. ‘आजी आली बाबा गेले चहा झाला गाडी आली’ हे कॉम्प्युटरच्या सपाट आवाजात ऐका. प्रत्येक अक्षर पाव सेकंदाचं, मध्ये कुठेही थांबा नाही, कशावरही जोर नाही. आवाजात एकच ठेका उरतो, सेकंदाला चार. पण मराठी माणसाला दर अर्ध्या सेकंदाला एक शब्द आणि दर सेकंदाला एक वाक्य पुरं झालेलं कळतं. हे दोन ठेके आवाजात नाहीतच, ते ऐकणारा आपल्या भाषाज्ञानातून उभे करतो.

मूळ प्रयोग मँडरिन चिनीत होता. तिथे एकाक्षरी शब्द, दोन शब्दांचा पदबंध, चारांचं वाक्य. चिनी येणाऱ्यांच्या मेंदूच्या नोंदीत सेकंदाला 4, 2 आणि 1 असे तिन्ही ठेके दिसले. चिनी न येणाऱ्या इंग्रजी भाषकांत फक्त 4. आवाज तोच, कानही चांगलेच. फरक भाषेचा.

आता कुणी लगेच म्हणेल, म्हणजे सेकंदाला एक हा व्याकरणाचा ठेका. एवढी घाई मला पटत नाही. माझ्या उदाहरणात दर दुसरा शब्द क्रियापद आहे. एकाच जातीचे शब्द ठरावीक अंतरानं येत राहिले तरी तसाच ठेका उमटू शकतो, असा आक्षेप संशोधकांनीच घेतलाय आणि तो वजनदार आहे.

लय बिनमहत्त्वाची आहे असं मात्र मी मुळीच म्हणत नाही. ओडेड गिट्झा आणि स्टीव्हन ग्रीनबर्ग यांनी 2009 मध्ये तिप्पट वेगानं वाजवलेलं बोलणं लोकांना ऐकवलं. बरंचसं कळेना. त्याच वेगवान तुकड्यांच्या मध्ये योग्य लांबीची शांतता घातल्यावर कितीतरी जास्त कळू लागलं. लय हुकली तर समज अडखळते. पण लय साधली म्हणून समज आपोआप येत नाही.

माझ्यासमोर येणाऱ्या फायलीत बहुतेक वेळा दोन रिपोर्ट असतात, बेरा ही ऐकण्याची तपासणी आणि ईईजी म्हणजे मेंदूतल्या विद्युत हालचालीची नोंद, आणि आई विचारते, “मॅडम, दोन्ही नॉर्मल आहेत, मग हा बोलत का नाही?” बेरा सांगते की आवाज कानातून मेंदूच्या बुंध्यापर्यंत नीट पोचतोय. ती आधी करावीच, कारण ऐकूच येत नसेल तर पुढचं सगळं अडतं. नेहमीचा ईईजी मुख्यतः फिट्सच्या खुणा शोधायला असतो. मुलाला ‘चेंडू दे’ कळतं का, हे या दोन्हींत कुठेच दिसत नाही. ते त्याच्यासमोर चेंडू आणि गाडी ठेवून, हातवारे न करता, विचारून बघावं लागतं. थीटाच्या ऑडिओनं तर ते कळतही नाही आणि येतही नाही.

एक अपवाद लक्षात ठेवा. चांगलं बोलणारं मूल बोललेलं समजेनासं झालं, हाक मारली तरी बहिऱ्यासारखं वागू लागलं, तर थेरपीची तारीख मिळायची वाट बघू नका. विल्यम लांडाऊ आणि फ्रँक क्लेफ्नर यांनी 1957 मध्ये असा विकार नोंदवला. तो दुर्मिळ आहे, फिट दिसलीच पाहिजे असं नाही, आणि ईईजीतल्या त्याच्या खुणा झोपेत जास्त ठळक होतात. अशा वेळी थेट मुलांच्या न्यूरॉलॉजिस्टकडे जा आणि झोपेतल्या ईईजीबद्दल स्वतःहून विचारा.