१९५७ च्या आधीचा अंटार्क्टिका: न मोजलेल्या वायुदाबाचा शोध

अंटार्क्टिकाभोवती फिरणारे पश्चिमी वारे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बळावले आणि ध्रुवाच्या दिशेने सरकले. दक्षिणेकडच्या उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीत, हा बदल सर्वांत ठळक दिसतो. खंडावरचा वायुदाब उतरला आणि ४० अंश दक्षिणेच्या आसपासचा चढला. या दोन पट्ट्यांतला फरक सतत कमीजास्त होत असतो. त्या चढउताराला शास्त्रज्ञ ‘सदर्न अ‍ॅन्युलर मोड’ म्हणतात. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरच्या ब्रिटिश हॅली केंद्राच्या नोंदींवरून ओझोनचे छिद्र जगापुढे आले, तेव्हा संशयाची सुई तिकडे वळणे साहजिक होते. पण हा दाब पूर्वीही असाच खाली येत-जात असेल तर? हे तपासायला जुन्या नोंदी हव्यात, आणि नेमक्या त्याच नव्हत्या.

अंटार्क्टिकावर कायमची हवामान केंद्रे उभी राहिली ती १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात. अंटार्क्टिकावरच्या त्या कामात बारा देश होते. दक्षिण ध्रुवावरचे अमुंडसेन-स्कॉट आणि पठारावरचे वोस्तोक ही केंद्रे तेव्हाचीच. उपग्रहांची भरवशाची माहिती तर १९७९ पासूनची. १९५७ च्या आधी मुख्य भूमीवर जवळजवळ काहीच सलग नाही. ऑर्केडास हा मोठा अपवाद, पण तेही मुख्य भूमीवर नाही. दक्षिण ऑर्कनी बेटांपैकी लॉरी बेटावर विल्यम ब्रूसच्या स्कॉटिश मोहिमेने १९०३ मध्ये हे केंद्र उभारले, फेब्रुवारी १९०४ मध्ये अर्जेंटिनाकडे सोपवले, आणि तिथले मोजमाप आजतागायत चालू आहे.

बाकी जे आहे ते मोहिमांच्या वह्यांमध्ये. त्यातल्या एका वहीचे धागे आपल्याकडच्या वेधशाळेपर्यंत येतात, आणि ही गोष्ट आपल्याकडे फार कमी सांगितली जाते याची मला खंत वाटते. रॉबर्ट स्कॉट या ब्रिटिश दर्यावर्दीच्या १९१०-१३ च्या दक्षिण ध्रुव मोहिमेचे हवामानतज्ज्ञ जॉर्ज सिम्पसन हे भारतीय हवामान खात्याचे, सिमल्याचे अधिकारी होते. अंटार्क्टिकावर केप एव्हान्स या मोहिमेच्या तळावर त्यांनी वेधशाळा मांडली, वरच्या हवेचा अंदाज घेण्यासाठी फुगे सोडले, वायुदाबाची नोंद अखंड ठेवली. १९१२ मध्ये ते भारतात परतले. या नोंदींवरचा त्यांचा ग्रंथ १९१९ मध्ये कलकत्त्यात छापला गेला.

त्याच सिमल्यात त्यांचे वरिष्ठ गिल्बर्ट वॉकर मान्सूनचा अंदाज आधी बांधता येईल का, याच्या मागे लागले होते. त्यासाठी त्यांनी जगभरच्या केंद्रांचे वायुदाबाचे आकडे जमवून एका ठिकाणचा चढउतार हजारो किलोमीटरवरच्या दुसऱ्या ठिकाणाशी कसा बांधलेला आहे, हे गणिताने शोधायला घेतले. प्रशांत आणि हिंदी महासागरांवरच्या वायुदाबाच्या उलटसुलट झोक्याला ‘सदर्न ऑसिलेशन’ हे नाव त्यांनीच दिलेले. या खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आले. पुणेकरांचे शिवाजीनगरचे ‘सिमला ऑफिस’ ते हेच.

अंटार्क्टिकाच्या हरवलेल्या वायुदाबाची पुनर्रचना याच दूरसंबंधाच्या तत्त्वावर उभी आहे. हवा नाहीशी होत नाही. ध्रुवावरून हटली तर ती मध्य अक्षांशांवर साचते, म्हणून तिथला दाब वाढतो. आणि तिथे, म्हणजे न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि दक्षिण आफ्रिकेत, शतकभराच्या नोंदी उपलब्ध आहेत. ओहायो विद्यापीठाचे रायन फोग्ट, शेफील्डच्या ज्युली जोन्स आणि सहकाऱ्यांनी १९५७ नंतरच्या काळातून अंटार्क्टिकाची केंद्रे आणि ही दूरची केंद्रे यांच्यातले सांख्यिकी नाते बसवले. मग ते नाते मागे नेऊन १९०५ पासूनचा ऋतूवार दाब काढला. नाते बसवताना काही वर्षे मुद्दाम बाजूला ठेवायची आणि त्या वर्षांचे उत्तर बरोबर येते का ते पाहायचे, अशी त्याची परीक्षा असते. उन्हाळ्यात ही पद्धत उत्तम चालते. वसंत आणि शरदात हात थोडा आखडता घ्यावा लागतो.

दुसरी परीक्षा मला अधिक मोलाची वाटते, कारण तिथे जुन्या वह्या पुन्हा कामाला आल्या. १९११-१२ चा उन्हाळा, म्हणजे अमुंडसेन आणि स्कॉट यांच्या ध्रुवाकडच्या शर्यतीचा काळ, पुनर्रचनेत असाधारण उच्च दाबाचा दिसतो. दोन्ही तुकड्यांची मोजमापे तेच सांगतात. ६ डिसेंबर १९११ ला पठारावर अमुंडसेनच्या तापमापकाने उणे १६ अंशांच्याही वरचा पारा दाखवला, जो तिथल्या डिसेंबरसाठी फारच उबदार होता. त्याच सुमारास स्कॉटची तुकडी बिअर्डमोर हिमनदीच्या पायथ्याशी ओलसर, उबदार वादळात चार दिवस अडकून पडली होती.

आता मूळ प्रश्नाकडे. १९०५ पासूनची मालिका हाती आल्यावर दिसले की उन्हाळ्यातल्या दाबाची १९५७ नंतरची घसरण त्या शतकात एकमेव आहे. आधीच्या दशकांत चढउतार भरपूर होते, पण इतकी दीर्घ, एकाच दिशेची घसरण नव्हती. हवामान प्रारूपांशी ताडून पाहता तिच्यामागे मुख्य हात ओझोनच्या ऱ्हासाचा दिसतो, तर उष्ण कटिबंधातल्या सागरी तापमानाचा वाटा प्रामुख्याने वर्षागणिकच्या चढउतारात. बर्फात खोल छिद्र पाडून काढलेले गाभे आणि झाडांची वलये वापरून नेरिली एब्रम यांच्या गटाने २०१४ मध्ये हजार वर्षांची मालिका काढली. तिच्यातही अलीकडची सरासरी सर्वांत टोकाची निघाली.

एक अडचण मात्र आकड्यांच्या मुळातच आहे. दक्षिण ध्रुवावरचे केंद्र समुद्रसपाटीपासून २,८३५ मीटर उंचीवर आहे. तिथे वायुदाब सुमारे ६८० हेक्टोपास्कल भरतो, आणि त्याखाली बर्फ असल्यामुळे ‘समुद्रसपाटीचा दाब’ हा तिथे केवळ हिशेबाचा आकडा उरतो. म्हणून पुनर्रचना करणारे केंद्रावर प्रत्यक्ष मोजलेला दाबच धरतात, आणि किनाऱ्यावरची केंद्रे व पठारावरची केंद्रे यांचे निष्कर्ष वेगवेगळे तपासतात.